निघाल्या दगडाकडे परत

पुरात अडकलेल्या बहिणीला आणायला निघताना माणसं दोर घेतात, बॅटरी घेतात, कोरडे कपडे घेतात. थोरल्यांनी मोजणीची दुर्बीण घेतली. तीही वडिलांच्या हातची, पितळी, लाकडी पेटीतली, आणि पेटी मांडीवर धरून बसले. धाकट्यांनी मापाचा दांडा घेतला. मिटलेला असूनही तो माणसाच्या खांद्याएवढा लांब होता, त्यामुळे तो मागच्या बाकापासून निघून थेट ड्रायव्हरच्या कानापर्यंत तिरपा आला.

"काका, हा दांडा माझ्या डोळ्यात जाईल," सून म्हणाली.

"ब्रेक हळू मार, म्हणजे नाही जाणार," धाकटे म्हणाले.

सून शाळेची गाडी चालवायची. मोजणीदारांच्या घरात तीन पिढ्या पुरुषांनी पायी हिंडून दुसऱ्यांच्या जमिनी मोजलेल्या. तिथे स्टिअरिंग धरणारी सून आली तेव्हा सगळ्यांनी मिळून तिचं नाव 'गाडीवाली' ठेवलं होतं. पुढे दवाखान्यात, स्टेशनवर, लग्नकार्याला तीच सगळ्यांना नेऊ-आणू लागली आणि नावातला टोमणा आपोआप झिजला. आता शाळा पावसामुळे चार दिवस बंद होती, गाडी रिकामी होती, आणि नवरा कामानिमित्त परगावी होता. त्यामुळे सासरे आणि चुलत सासरे तिच्या वाट्याला आले होते.

गाडी चौदा मुलांची. बाकं पहिली-दुसरीच्या पोरांच्या बेताची. शहात्तर आणि बहात्तर वर्षांचे दोन म्हातारे गुडघे छातीशी घेऊन बसले होते, एक डाव्या खिडकीशी, एक उजव्या. मध्ये हत्तीचं चित्र चिकटवलेली जागा रिकामी होती, आणि ती तशीच राहणार हे गाडीवालीला माहीत होतं. हे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. म्हणजे बोलत, पण तिसऱ्या माणसाकरवी.

याचं कारण वाटणी, असं घरात सगळे समजून होते. वडील गेल्यावर दुर्बीण थोरल्यांकडे आली आणि दांडा धाकट्यांकडे. आता दांड्याशिवाय दुर्बिणीतून फार तर कावळे बघता येतात, आणि दुर्बिणीशिवाय दांडा म्हणजे नुसती महागाची काठी. पण आपल्याला अर्धंच मिळालं याचं दुःख दोघांनाही नव्हतं. दुसऱ्याला पूर्ण मिळालं नाही यावर दोघंही खूश होते. आज चौतीस वर्षांनी दुर्बीण आणि दांडा एका गाडीत बसून निघाले होते, आणि का, ते दोघांपैकी कुणी सांगत नव्हतं.

पहिला तासभर रस्ता रस्त्यासारखा होता. मग शेतं दिसेनाशी झाली. दोन्ही बाजूंना चहाच्या रंगाचं पाणी पसरलं होतं. त्यात विजेचे खांब अर्धे बुडालेले, एका बसथांब्याच्या पत्र्यावर चार शेळ्या आणि एक म्हातारी, आणि पेट्रोलपंपावर 'हवा मोफत' ही पाटी तेवढी पाण्याबाहेर. म्हातारी शेळ्यांना काहीतरी रागावून सांगत होती. गाडीवालीने हॉर्न वाजवून हात हलवला. म्हातारीने मागच्या बाजूला बोट दाखवलं. तिकडून एक होडी येत होती, आणि मग गाडीवालीला पुढे जाण्याचा धीर झाला.

फाट्यावर तिने गाडी थांबवली. सरळ रस्ता पाण्यात उतरत होता.

"तुझ्या काकांना विचार," थोरले म्हणाले, "कालव्याच्या कडेने का जाऊ नये. तो रस्ता इथल्यापेक्षा दोन हात उंच आहे."

"तुझ्या सासऱ्यांना सांग, होता. सात वर्षांपूर्वी खोदून टाकला."

"काका, बाबा तुमच्यापासून हातभर अंतरावर बसलेत."

"हातभर नाही. दीड हात," धाकटे म्हणाले.

गाडीवाली सासऱ्यांचं ऐकून कालव्याच्या कडेला लागली. अर्ध्या मैलावर रस्ता खरंच खोदलेला निघाला आणि तिला गाडी उलटी घेत, आरशात बघत, शिव्या गिळत परत यावं लागलं.  धाकटे खिडकीबाहेर बघत हलकेच शीळ घालू लागले. पुढच्या वळणावर त्यांनी सुचवलेली वीटभट्टीची वाट गुडघाभर पाण्यात संपली, तेव्हा शीळ थांबली आणि थोरल्यांनी चष्मा काढून सावकाश पुसला. त्यानंतर मात्र दोघांचं मिळून बरं चाललं. एकाला चढ आठवायचे, दुसऱ्याला उतार. हा सगळा मुलूख त्यांनी तरुणपणी हाताहाताने मोजलेला होता. कुठलं वळण किती वर आणि कुठलं किती खाली, हे त्यांना स्वतःच्या पोरांच्या वयांपेक्षा पक्कं ठाऊक होतं.

नाक्यावर शिट्टी तोंडात धरलेल्या एका शिपायाने गाडी अडवली.

"शाळेची गाडी? आज? मुलं कुठायत?"

"मागे बसलीत," गाडीवाली म्हणाली.

शिपायाने आत डोकावून पाहिलं. दोन्ही मुलं दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसली होती. "जा," तो म्हणाला, "पण पुढच्या पुलाशी थांबा. ट्रॅक्टर लोकांना घेऊन येतायत, त्यांना आधी येऊ द्या."

पुलाशी थांबावं लागलं. पलीकडून भोंगा लावलेली जीप आली आणि तिच्यातल्या माणसाने घसा बसेपर्यंत तेच तेच सांगितलं. धरणाचे दरवाजे दुपारी उघडणार, पाच वाजेपर्यंत पाणी जुन्या पूररेषेच्या वर तीन फूट चढणार, सखल भागातल्यांनी निघावं.

गाडीवालीचा जीव भांड्यात पडला.

"तीन फूट ना? मग झालं की!" ती मागे वळून म्हणाली. "आत्यांचं घर पूररेषेच्या चार फूट वर आहे. तुम्हीच दोघांनी मोजलंय. सकाळी फोनवर आत्या तेच म्हणत होत्या. मी कशाला येऊ, अख्खी गल्ली माझ्याकडे आलीय राहायला, तेवीस माणसं आहेत, सगळी मजेत आहेत. आपण उगाच जीव धोक्यात घालतोय. इथूनच फिरू या."

"नाही!" दोघे एकदम ओरडले.

गाडीवालीला या घरात येऊन सोळा वर्षं झाली होती. या दोघांच्या तोंडून एकाच वेळी एकच शब्द निघालेला तिने पहिल्यांदाच ऐकला. दोघांनीही तो ऐकला असावा, कारण दोघेही एकमेकांकडे बघून लगेच आपापल्या खिडकीकडे वळले.

"का नाही?" तिने विचारलं.

थोरल्यांनी पेटीच्या कडीशी चाळा केला. "चार फूट नाहीये ते घर," ते म्हणाले. "दोन आहे. माझी चूक आहे."

"तुझी?" धाकटे गर्रकन वळले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ते थेट भावाशी बोलत होते, आणि तेही भांडायला. "तुझी कशी? चूक माझी आहे!"

"तू मध्ये पडू नकोस, बाळ्या. दुर्बिणीला डोळा माझा होता."

"आणि दांडा कुणाच्या हातात होता?"

मग जे निघालं ते असं. चौतीस वर्षांपूर्वी आत्या त्या गावातल्या दवाखान्यात नर्स होती. स्वतःच्या कमाईवर स्वतःचं घर बांधणारी या घराण्यातली पहिली बाई. तिच्या जागेची उंची मोजायला दोघे भाऊ हौसेने गेले. गावात जुन्या डाकघराच्या पायरीशी खुणेचा दगड होता, त्यावर मोठ्या पुराची रेघ कोरलेली. तिथून सुरुवात केली. धाकट्यांनी दांडा उभा धरला, वरची नळी सरकवून उंच केली, पण ती जागेवर धरणारा खटका बसलाच नाही. नळी, आणि तिच्यावरचे आकडे, दोन फूट खाली घसरून राहिले. थोरल्यांनी लांबून दुर्बिणीत दिसला तो आकडा लिहिला. पहिल्याच मापात दोन फूट फुकटचे वाढले, आणि तेच पुढे मोजत मोजत बहिणीच्या दारापर्यंत गेले.

"पण तुमच्यात तो नियम आहे ना," गाडीवाली म्हणाली. तिच्या आजेसासऱ्यांचं हे वाक्य घरात पोराबाळांनाही पाठ होतं. "मोजत गेलेल्या माणसाने निघाल्या दगडाकडे परत यायचं. आकडा जुळला तर मोजणी खरी."

"तोच मोडला," थोरले म्हणाले. "हा म्हणत होता, परत मोजत जाऊ, मग जेवू. मी म्हटलं, आधी जेवू. मी काय आज मोजायला शिकतोय का? तू दांडा धर, डोकं चालवायचं काम माझं. असं म्हणालो मी. बहिणीच्या, चिमीच्या देखत."

"म्हणालास," धाकटे म्हणाले. "जेवण झाल्यावर दांडा मिटायला घेतला तेव्हा कळलं, खटका लागलेलाच नाही. सांगणार होतो. पण म्हटलं, डोकं चालवायचं काम याचं आहे ना? चालवू दे."

"आणि चौतीस वर्षं गप्प बसलास?"

"तू कधी बोललास? म्हणजे तुलाही ठाऊक होतं की!"

थोरल्यांना एकोणीस वर्षांपूर्वी कळलं होतं. बहिणीच्या दारावरून नवा रस्ता निघाला, त्याच्या मोजणीचे कागद त्यांच्या टेबलावर आले. आकडे दोन फुटांनी जुळेनात. त्यांनी आपल्या बेरजेत चूक झाली असं समजून कागद मिटला आणि तोंडही मिटलं. आपण एकटेच गुन्हेगार, अशा समजुतीत दोघे इतकी वर्षं एकमेकांवर डाफरत आले होते. वाटणीचं नाव उगाच बदनाम झालं होतं.

"दोन फुटांनी काय होतं पण?" गाडीवालीने विचारलं. उत्तर तिला अर्धं सुचलं होतं आणि ते खोटं ठरावं असं तिला मनापासून वाटत होतं.

"घरात फूटभर पाणी शिरेल," धाकटे म्हणाले. "एरवी फूटभराने काही होत नाही. पण त्या भिंती मातीत बांधलेल्या आहेत. सिमेंट नाहीये विटांत. गवंड्याने विचारलं होतं. आम्हीच सांगितलं, इथे पाणी येणारच नाही, माती चालेल."

"आम्ही नाही. मी सांगितलं," थोरले म्हणाले.

"मी मान डोलावली होती."

घड्याळात पावणेतीन झाले होते. तेवीस माणसं, आणि सगळी त्या भिंतींच्या भरवशावर आलेली. ट्रॅक्टर गेले तशी गाडीवालीने गाडी पुलावर घातली आणि ब्रेक हळू मारायचा विचार सोडून दिला.

गावातलं डाकघर लागलं तेव्हा थोरल्यांनी मान बाहेर काढून पायरीकडे पाहिलं. पाणी कोरलेल्या रेघेच्या दोन फूट खाली होतं. ते पुन्हा आत बसले.

आत्यांची गल्ली सखल होती. पाण्यातून गाडी सावकाश पुढे सरकत होती, आणि गल्लीच्या टोकाला उंच जोत्यावर ते घर दिसलं. सहा पायऱ्या. सगळ्यांत खालच्या पायरीखाली दोघा भावांच्या हातची लाल रेघ, आणि तिच्या शेजारी वळणदार अक्षरांत 'जुनी पूररेषा'. पाणी त्या लाल रेघेला टेकलेलं होतं. डाकघरापाशी रेघ पाण्याच्या दोन फूट वर होती, म्हणजे तिथली आणि इथली रेघ एकाच पातळीवर नव्हती, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण डाकघरापर्यंत बघायला जाणार कोण? वर दारात गल्लीतली माणसं दाटीवाटीने उभी होती आणि पाहुण्यांकडे कौतुकाने बघत होती.

"या, या साहेब!" निवृत्त मास्तरांनी वरून हाक मारली. त्यांच्या हातात चहाचा कप होता. "तुमच्या कृपेने सगळे सुखरूप. अजून रेषेच्या वर एक बोट नाही. आणि वर चढलं तरी फूटभर जागा राहतेच. मी सगळ्यांना समजावून सांगितलंय."

"मास्तर, ती रेघ चुकलीय," थोरले पाण्यातून पायरीवर चढत म्हणाले. "दोन फुटांनी. सगळ्यांनी निघायचंय. लगेच."

दारातली माणसं एकमेकांकडे बघून हसली. शिंपीणबाईंनी आपलं शिलाई मशीन खाटेवर चढवून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, चेष्टा नका करू हो, आधीच जीव घाबरलाय."

"चेष्टा नाही. मी चुकलो."

"असं वाटतं कधी कधी," मास्तर हळुवारपणे म्हणाले. "वय झालं की जुन्या कामांविषयी शंका येऊ लागतात. मलाही येतात. पण साहेब, तुम्ही तेव्हा बेचाळीस वर्षांचे होतात. त्या वयातल्या तुमच्यावर माझा विश्वास आहे."

 आयुष्यभर लोकांनी आपल्या मापावर शंका घेऊ नये म्हणून थोरले जिवाचं रान करत आले होते, आणि आता लोक शंका घ्यायलाच तयार नव्हते. त्यांनी पेटी उघडली. दुर्बीण लावून दाखवतो म्हणाले. काचेच्या आत बुरशीचं जाळं धरलेलं निघालं. धाकट्यांनी दांडा ओढून पाहिला, तर खटका गंजून घट्ट. त्या दिवशी जो लागला नव्हता तो आज सुटत नव्हता.

घराच्या आत, खिडकीशी, आत्या एका तापलेल्या पोरीच्या काखेत थर्मामीटर धरून बसली होती. अडुसष्ट वर्षांची, पण भावांसाठी अजून चिमी. थर्मामीटर खाली न ठेवताच ती म्हणाली, "दादा, पाय पूस आणि चहा घे. दर पावसाळ्यात तुमचं हेच. माझ्याकडे ये, माझ्याकडे ये. यंदा फोन पुरला नाही म्हणून गाडी घेऊन आलात?"

हे गाडीवालीलाही माहीत होतं. पाऊस सुरू झाला की पहिल्या आठवड्यात थोरले बहिणीला फोन करत, राहायला ये म्हणून. दुसऱ्या आठवड्यात धाकटे. घरात याला बोलावण्याची शर्यत म्हणत. आत्या कुणाकडेच जात नसे, पण बोलावण्याची गोष्ट गल्लीभर सांगत फिरे.

"चिमे, ऐक," थोरले म्हणाले. "मी..."

"दादाचं बरोबर आहे," धाकटे मागून म्हणाले.

 आत्याने मान वर केली.

"काय म्हणालास?"

"दादाचं बरोबर आहे."

"आणि बाळ्याचंही," थोरले म्हणाले. "खटका लागला नव्हता, आणि मी परत तपासलं नाही. आम्ही दोघेही चुकलो. भिंती मातीच्या आहेत, चिमे. टिकणार नाहीत."

आत्याने थर्मामीटर उजेडात धरून वाचलं, झटकून डबीत ठेवलं आणि उठून उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "कप ठेवा आणि गाठोडी उचला."

"अहो, पण बाई, रेषा तर..."

"रेषा राहू द्या. आईच्या शेवटच्या दुखण्यात डॉक्टर कुठला आणायचा यावर या दोघांचं जमलं नव्हतं. शेवटी तिसराच आणावा लागला. आज यांचं एकमत झालंय. याहून मोठा इशारा तुम्हाला धरणवाले देणार आहेत का? उठा सगळे. पोरं आधी."

गल्लीतल्या प्रत्येकाला तिने कधी ना कधी सुई टोचलेली होती. ती उठा म्हणाली की माणसं उठत. आणि दोघा भावांच्या कधीच न जमण्याची ख्याती गल्लीत सगळ्यांना माहीत होती. कारण ती बोलावण्याच्या गोष्टीला जोडूनच सांगितली जायची. मास्तरांनी कप ठेवला.

टेकडीवरची शाळा एक मैल दूर होती. गाडीवालीने आत गर्दी मोजली आणि म्हणाली, "तीन फेऱ्या. दांडा आणि पेटी बाहेर काढा, दोन माणसांची जागा अडते."

दोघे भाऊ क्षणभर घुटमळले. मग धाकट्यांनी दांडा जोत्यावर आडवा ठेवला, थोरल्यांनी त्याच्या शेजारी पेटी. वडिलांनी वापरली तशी दोन्ही पुन्हा एका जागी आली.

पहिल्या फेरीत पोरं आणि तापलेली पोरगी. दुसऱ्या फेरीत म्हातारे, मास्तर आणि मशीन सोडायला तयार नसलेल्या शिंपीणबाई. मशीन मागेच राहिलं आणि त्या वाटभर रडत होत्या. तिसऱ्या फेरीला गाडीवाली परत फिरली तेव्हा पाणी गल्लीत वाहू लागलं होतं आणि चाकं कुठे टेकतायत ते कळत नव्हतं. तिला एकदम वाटलं, आपण इथे बंद पडलो तर आपल्या पोरांना कोण सांगणार, आई कुठल्या दोन फुटांपायी गेली? मग तिला जोतं दिसलं. दोन पायऱ्या बुडाल्या होत्या. उरलेल्या सहा-सात माणसांना पुढे घालून दोघे म्हातारे पायरीवर उभे होते. धाकट्यांनी थोरल्यांचा दंड पकडला होता. आत्या सगळ्यात मागे, घराला कुलूप लावत होती.

"डावीकडून ये!" थोरले ओरडले. "डावीकडे उंच आहे!"

"अर्धा फूट!" धाकट्यांनी दुरुस्ती केली.

ती डावीकडून गेली. बरोबर होतं.

पाणी पाच वाजता दारातून आत शिरलं असावं. शाळेच्या ओसरीवरून टेकडीखालचं सगळं दिसत होतं. साडेपाचला मागची भिंत गेली. आवाज आधी आला, मग धूळ उठण्याऐवजी पाणीच उसळलं, आणि कौलं सावकाश एका बाजूला ओघळली. तेवीस माणसं ओसरीवर ओळीने उभी राहून बघत होती. मास्तरांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि थोरल्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. थोरल्यांना तो सोडवून घ्यावासा वाटत होता, पण तशी हिंमत झाली नाही.

आत्या ओसरीच्या कडेला पहिलीच्या बाकावर बसली होती. गाडीवालीने तिच्या खांद्यावर आपली ओढणी टाकली.

"तुम्हाला कळलं कधी?" आत्याने भावांना विचारलं.

"त्याच दिवशी," धाकटे म्हणाले. "दांडा मिटताना."

"एकोणीस वर्षं झाली," थोरले म्हणाले.

आत्याने मान हलवली. ती रडत नव्हती. पेशंटच्या नातेवाईकांशी बोलायचा तिचा जो आवाज असे, तोच आता लागला होता.

"म्हणजे ते फोन त्यासाठी होते," ती म्हणाली. "मी सगळ्यांना सांगायचे, पाऊस पडला की माझ्या भावांना माझी आठवण येते. माझ्यासाठी भांडतात. एकाकडे गेले तर दुसऱ्याचं मन मोडेल, म्हणून मी जात नाही. इतकी वर्षं मी तुमचं मन जपत त्या घरात झोपले. आणि तुम्ही घाबरून फोन करत होतात."

"माया होती गं, चिमे," धाकटे म्हणाले. 

"मग उन्हाळ्यात का नाही यायचा फोन?"

 गाडीवाली पाहत होती. आपल्या सासऱ्यांचा चेहरा असा पडलेला तिने आधी कधी पाहिला नव्हता. त्यांना या एकाच प्रश्नाची भीती होती, भिंत पडण्याचीही इतकी नसावी.

"आता चल," शेवटी थोरले म्हणाले. "माझ्याकडे चल."

"किंवा माझ्याकडे," धाकटे म्हणाले.

"कुणाकडेच नाही," आत्या म्हणाली. "या पोरीचा ताप उतरलेला नाही आणि शिंपीणबाईंना धाप लागलीय. मी गल्लीबरोबर इथेच राहणार. पावसाळ्यात बोलावलं म्हणून मी येत नसते, हे तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात बोलवा. चांगलं कडक ऊन पडलेलं असू दे, नदी आटलेली असू दे, भीतीचं काही कारण नसू दे. तेव्हा फोन आला, तर बघेन कुणाकडे यायचं ते."

ती उठली, आणि त्या पोरीला बघायला वर्गात गेली.

टेकडीमागच्या उंच वाटेने परतताना गाडीतली बाकीची बाकं ओल्या गाठोड्यांनी भिजून चिखलाने भरली होती, त्यामुळे दोघा म्हाताऱ्यांना हत्तीचं चित्र असलेल्या एकाच बाकावर खेटून बसावं लागलं. उजेड अजून होता.  पुलापर्यंत गाडीवालीला वाटलं, दोघे झोपले.

"उन्हाळा कधीपासून धरायचा?" थोरल्यांचा आवाज आला. या वेळी त्यांनी गाडीवालीला मध्ये घेतलं नव्हतं.

"थंडी सरली की," धाकटे म्हणाले.

"लगेच नको. कडक ऊन म्हणालीय ती. नदी आटली पाहिजे."

"मग मी जाऊन बघून येतो आटल्यावर."

"तुझं एकट्याचं माप मी धरणार नाही. दोघे जाऊ."

"बरं, दोघे जाऊ. मग तिथूनच फोन करू."

थोरल्यांनी विचार केला. गाडीवालीने ब्रेक हळू मारून नाक्यावर गाडी थांबवली, शिपायाने आत डोकावून मुलं मोजली आणि जा म्हणाला.

"करू," थोरले म्हणाले. "पण फोन कुणाचा?"